राजारामपुरीतला आठ आठवड्यांचा गट : एका मशेरीवालीचा अभिप्राय

'मन घट्ट करा, सुटतंय' हे ऐकून ज्यांचे कान किटलेत, त्यांच्यासाठी लिहिते. राजारामपुरीतल्या एका समुपदेशन केंद्रात व्यसन सोडणाऱ्यांचा गट चालतो. आठ आठवडे, आठवड्याला एक बैठक, दोन तासांची, बैठकीला तीनशे रुपये. माझ्याकडून पाचात चार तारे.

माझं चटणीचं कांडप आहे, लक्ष्मीपुरीजवळ. मशेरी, म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांना लावायची, हे मी सासरी आल्यावर शिकले. सकाळी उठल्या उठल्या, जेवणानंतर, आणि उन्हाळ्यात गिऱ्हाइकांची रांग ओसरली की. घरात कुणीच याला व्यसन म्हणत नव्हतं. दातांच्या डॉक्टरांना गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. त्यांनी तो तपासायला पाठवला आणि या गटाचा पत्ताही दिला.

गेल्या गेल्या फॉर्म भरायला दिला. त्यावर दारू, सिगारेट, गुटखा, गांजा. मशेरी नाहीच. 'इतर'मध्ये लिहा म्हणाले. अहो, कोल्हापुरात केंद्र काढताय आणि मशेरी 'इतर'? कुठल्याही गल्लीत सकाळी चक्कर मारा, तोंडात बोट घालून उंबऱ्यावर बसलेल्या बायका दिसतील. गटात बाकी बहुतेक दारूवाले पुरुष. त्यातला एकजण म्हणाला, "मावशी, मशेरी म्हणजे काय व्यसन होय?" गट घेणाऱ्या मॅडमनी तिथल्या तिथं सांगितलं की निकोटिन तेच, फक्त तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

पहिल्या बैठकीत हातावर एक बेदाणा ठेवला. बघा, वास घ्या, कानाशी धरा, मग हळू चावा. तासगावचा बेदाणा आम्ही मुठीनं खाणारी माणसं, एका दाण्याला एवढा वेळ म्हणजे जीव वर आला. हा प्रकार मला शेवटपर्यंत फारसा पटला नाही. पण मशेरी लावताना आपण बोटाकडे बघतसुद्धा नाही, हे त्याच दिवशी घरी गेल्यावर ध्यानात आलं. डबी कधी उघडली तेच कळलं नव्हतं.

खरा माल पुढच्या बैठकांत आहे. इथं तलफ मारायला सांगत नाहीत. तलफ आली की तिच्याकडे बघायचं: अंगात कुठं आहे, हिरडी शिवशिवते का, हात डबीकडे जातोय का. तिला हाकलायचं नाही, तिचं ऐकायचंही नाही. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लॅट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, लाटेवर तरंगल्यासारखं तलफेवर तरंगायची ही रीत त्यांची. त्यांच्या सोबतच्या सारा बोवेन आणि नेहा चावला यांनी तिच्याभोवती ध्यान आणि श्वासाचे सराव गुंफून आठ आठवड्यांचा कार्यक्रम बसवला. आमचा गट त्याच धर्तीवर चालतो.

आता लाट म्हटल्यावर आम्हाला काय कळणार? समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं. चिखलीचे एक काका होते, पुरात घर बुडालेले. ते म्हणाले, "म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्यागत." झालं. तेव्हापासून गटात सगळे फुटांत बोलायला लागले. त्या बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ. कुणी आलं की मॅडम विचारायच्या, "आज किती फूट?" "सकाळी ४१ होतं, आता उतरतंय." पाणी ढकलून मागं जात नाही, चढतं आणि उतरतं, तोवर आपण आपलं सामान माळ्यावर ठेवून बसायचं. मॅडमचं म्हणणं, खतपाणी घातलं नाही तर तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. माझी दुपारची सगळ्यात जोराची. डंख, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, बंद केला की हिरड्या मागायला लागतात. थांबायचं, अंगात काय चाललंय ते बघायचं, श्वासावर यायचं, मग सगळ्या अंगाकडे लक्ष पसरायचं आणि मगच काय करायचं ते ठरवायचं, असा क्रम शिकवलाय. मिरचीच्या खकाण्यात श्वासावर येणं म्हणजे ठसका, म्हणून मी दारात येऊन करते.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेलेला शिरोली एमआयडीसीतला एकजण पिऊन आला. पुढच्या बैठकीला तो येणारच नव्हता, बायकोनं आणून बसवला. मला वाटलं आता पूजा होणार. मॅडमनी फक्त विचारलं, पहिल्या घोटाआधी काय झालं? मग मिनिटामिनिटानं उलगडत गेलं. मित्र भेटला, जुनं देणं निघालं, लाज वाटली, आणि एक घोट झाल्यावर 'आता मोडलंच की' म्हणून बाटली. मार्लॅट यांचं जुनं म्हणणं हेच होतं की पाय घसरणं वेगळं आणि तिथंच लोळत पडणं वेगळं, आणि दोन्हींच्या मधे असतं ते हे 'मोडलंच की'. मॅडमनी त्याला वाक्य बदलून म्हणायला लावलं: "आता मोडलंच, असा विचार माझ्या डोक्यात आलाय." ऐकायला पोरखेळ वाटतो. तो चौथ्यांदा म्हणताना स्वतःच हसला.

हा वाक्याचा प्रकार स्वीकारावर उभ्या असलेल्या एका शेजारच्या उपचारपद्धतीतला, तिचे जनक स्टीव्हन हेज. त्याच पद्धतीवर बेतलेलं आयकॅनक्विट नावाचं सिगारेट सोडवणारं ॲप आहे. अमेरिकेत २०२० साली छापून आलेल्या चाचणीत ते वापरणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के लोक वर्षभरानंतर सिगारेटपासून लांब होते, नेहमीच्या ॲपवाले २१ टक्के. लेकीनं शोधून दिलं. म्हणजे जादू नाही, पण फरक आहे. मशेरीवर असं कुणी मोजलेलं माझ्या तरी बघण्यात आलेलं नाही.

याच पद्धतीतला एक प्रश्न मला सगळ्यात लागला. सोडायचं ते राहू द्या, सोडून करायचं काय आहे? बाकीचे पोरंबाळं, नोकरी म्हणाले. मी म्हणाले, मला चटणीचं मीठ जिभेनं कळायला पाहिजे. सासूबाई संकेश्वरी आणि ब्याडगीचं प्रमाण नुसतं चाटून सांगायच्या. मी सुनेला विचारते, "मीठ बघ गं." मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं.

तारा कापला तो फॉर्मसाठी आणि घरी ऐकायला दिलेल्या ध्यानाच्या आवाजासाठी. 'आपले लक्ष आपल्या श्वासोच्छ्वासावर केंद्रित करावे', असं कोण बोलतं? बातम्या लागल्यागत वाटतं. मॅडम तोंडी सांगतात ते लाख पटीनं बरं, तेच रेकॉर्ड करा.

एक गोष्ट डोळ्यांआड करू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेततं. तिथं आधी डॉक्टर आणि औषधं, श्वास नंतर. केंद्रानंही एकाला आधी दवाखान्यात पाठवलं, मग गटात घेतलं. तंबाखूवाल्यांसाठी सरकारची फुकट फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. दारू आणि इतर नशांसाठी १४४४६.

दुपारच्या गटाला खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या पोरांच्या गाड्यांचा कालवा असतो, संध्याकाळचा घ्या. गुडघे दुखत असतील तर खुर्ची आधीच सांगून ठेवा, खुर्च्या मोजक्याच आहेत, आणि बैठक फरशीवर पातळ सतरंजीची.