माया गावातल्या फिल्मसाठी कॅमेरा: चावीचा, पिनहोलचा की स्वतः जुळवलेला डिजिटल?

मेक्सिकोतल्या चियापासच्या डोंगरांत, त्सोत्सिल माया कुटुंबांसोबत प्रयोगशील फिल्म करताय आणि कॅमेराही स्वतःच घडवणार आहात? मग लेन्सचा विचार नंतर. कॅमेरा कुठे बसणार आणि कोणाच्या हातात राहणार, ते आधी ठरवा.

कंबरेचा माग घ्या. त्याचं एक टोक खांबाला, दुसरं विणणाऱ्या बाईच्या कंबरेला. ती मागे रेलली की ताणा ताठ, पुढे झुकली की सैल. कॅमेरा मागाच्या दांडीलाच बांधला तर तिच्या अंगाची प्रत्येक हालचाल चित्रात उतरते. बोलेक्स, म्हणजे चावीवर चालणारा 16 मिमी फिल्मचा जड कॅमेरा, इथे बाद. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाचा हाय क्वालिटी कॅमेरा मात्र जमतो: सेन्सर दांडीवर, बोर्ड आणि बॅटरी खाली जमिनीवर. बोलेक्सच्या सी-माउंट (आट्यांनी बसणाऱ्या) लेन्स त्यावर बसतात, पण सेन्सर छोटा असल्याने 25 मिमीची लेन्स 16 मिमी फिल्मवरच्या साधारण 40 मिमीइतकं जवळचं दाखवते. शिवाय हा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे धागा ठोकायची लाकडी पट्टी वेगात आली की तिरकी दिसते. सगळं चित्र एकाच क्षणी टिपणाऱ्या, रास्पबेरी पायच्याच ग्लोबल शटर मॉड्यूलमध्ये हा दोष नाही. मेगापिक्सेल जेमतेम 1.6, तरी मी तेच घेईन. चालू-बंदचं बटण एकच ठेवा, आणि तेही तिच्या हाताशी.

पिनहोलची, म्हणजे लेन्सऐवजी नुसत्या बारीक भोकाची, भुरळ मलाही आहे. पण फिल्मपासून 25 मिमी अंतरावर 0.2 मिमीचं भोक म्हणजे एफ/125 (अंतर भागिले भोकाचा व्यास), एफ/2.8 च्या मानाने प्रकाश दोन हजार पटींनी कमी. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका जिथे वाटला जातो, त्या धुरकट स्वयंपाकघरात काहीच दिसणार नाही. मका, घेवडा, भोपळा एकत्र वाढणाऱ्या मिल्पात, भर उन्हातसुद्धा 500 एएसएच्या, म्हणजे कमी प्रकाशातही चालणाऱ्या, फिल्मला फ्रेममागे सुमारे 1/8 सेकंद द्यावा लागतो. म्हणजे एकेक फ्रेम काढत जायचं, आणि ते बोलेक्सवर छान होतं.

बोलेक्सला वीज लागत नाही. पण एका चावीत जेमतेम अर्ध्या मिनिटाचा शॉट मिळतो, 100 फुटी रोल पावणेतीन मिनिटांत संपतो आणि फिल्म धुऊन येईपर्यंत घरातल्या कोणालाच काही दाखवता येत नाही. डिजिटलवर त्याच संध्याकाळी सगळे मिळून बघतात, नको ते काढायला सांगतात. माझ्या मते निवड इथेच होते: पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते असतील तर डिजिटल, उरले तर मिल्पासाठी पिनहोल लावलेला बोलेक्स.

सान हुआन चामुला या त्सोत्सिल गावाच्या चर्चमध्ये चित्रीकरणाला सक्त मनाई आहे. कॅमेरा कितीही लहान केलात तरी तो आत नेऊ नका.