बेसबॉल सॅव्हंट: सप्टेंबरच्या वादात कामाला येणारी साइट

हंगामाच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये संघ घसरला की खापर मॅनेजरवर, म्हणजे मुख्य प्रशिक्षकावर फुटतं. त्यात तथ्य किती, हे तपासायला मेजर लीग बेसबॉलची ही मोफत साइट उत्तम. 'स्टॅटकास्ट सर्च' या शोध-पानावर पिचर (चेंडू टाकणारा) निवडा, तारखा टाका आणि फास्टबॉलचा, म्हणजे वेगवान चेंडूचा, वेग महिन्यागणिक पाहा. जुलैपेक्षा ताशी दीड-दोन मैल कमी दिसला, तर संशय थकलेल्या हातावर घ्या. अर्थात त्याला रोज बोलावून थकवलं कोणी, हा प्रश्न उरतोच. फलंदाजांचं बघताना साध्या सरासरीऐवजी 'एक्सडब्ल्यूओबीए' (xwOBA) पाहा; फटक्यांच्या दर्जावरून किती यश अपेक्षित होतं, हे तो आकडा सांगतो. बॅटवरून चेंडू ताशी 95 मैलांच्या वर सुटत असूनही सरासरी पडली असेल, तर बहुधा नशीबच रुसलंय. मात्र पन्नासेक प्लेट अपिअरन्सवरून (फलंदाजीला येण्याच्या खेपांवरून) निकाल देऊ नका.

मोठी उणीव म्हणजे सामन्याच्या दिवशी कोणता रिलीव्हर (मध्येच बदली येणारा पिचर) खरोखर उपलब्ध होता, कोणाचा खांदा दुखत होता, हे इथे कळत नाही. शिवाय 2020 पासून, दुखापत-आजार वगळता, रिलीव्हरला किमान तीन फलंदाजांना किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावंच लागतं. हे विसरून 'लगेच का नाही बदलला?' विचारणं फुकट. सर्चचा फॉर्म किचकट आहे. मोबाइलपेक्षा लॅपटॉप बरा.