चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य: होडी घ्या, पण तिथी बघून

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडली की चोडण बेट. बेटाच्या पश्चिम टोकाला 178 हेक्टरचं हे खारफुटीचं जंगल आहे. पायवाट आणि होडी, दोन्हींनी ते बघता येतं. एकच निवडायचं असेल तर होडी. पायवाटेवर झाडोरा इतका दाट की पक्षी दिसतात कमी, ऐकूच जास्त येतात.

होडी कितपत आत शिरेल ते ठरवते भरती. ओहोटीला आतल्या खाड्यांत चिखलच उरतो. मग होडी मुख्य पात्रातून फिरते आणि पैसे जवळजवळ वाया जातात. पूर्ण भरतीही तितकीशी कामाची नाही, कारण चिखल बुडाला की तुतवार, कुरल यांच्यासारखे किनाऱ्याचे पक्षी उठून जातात. खरी वेळ म्हणजे पूर्ण भरतीआधीचे दोन तास. कोकणातला जुना हिशोब इथेही अंदाजापुरता चालतो: तिथीला पाऊणने गुणा, तितक्या वाजता भरती. चतुर्दशीला साडेदहा, म्हणजे साडेआठला होडीत बसा. अष्टमीला भरती पहाटे सहाला येऊन जाते, त्यामुळे सकाळची फेरी ओहोटीत सापडते. ती टाळाच.

वल्ह्याची होडी मिळाली तर सोडू नका. इंजिनाच्या आवाजाने खंड्या वळणाआधीच उडतो, आणि इथे यायचं ते खंड्यांसाठी. घोंगी खंड्या बारमाही, काळ्या टोपीचा हिवाळ्यात. कॉलर्ड किंगफिशर हाही खंड्याच, पण खारफुटीबाहेर सहसा दिसत नाही, तेव्हा त्याच्यासाठी नावाड्याला आधीच सांगून ठेवा. काठावरचा ओंडका दुर्बिणीतून दोनदा बघावा, मगर असू शकते. पाणमांजरं दिसली तर नशीब. 8×42, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, दुर्बीण पुरते. हलत्या होडीत त्याहून मोठं दाखवणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही.

पायवाट ठेवा त्याच दिवशी दुपारी तीननंतर, ओहोटीसाठी. निवट्या (चिखलावर फिरणारा मासा) आणि एक नांगी मोठी असलेले फिडलर खेकडे तेव्हाच बाहेर येतात. झाडं ओळखायलाही हीच वेळ बरी, मुळं उघडी असतात. कमानीसारखी आधारमुळं कांदळाची. त्याचं बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखं लोंबतं. चिखलातून पेन्सिली उभ्या असाव्यात तशी श्वासमुळं तिवराची. पान चाटलंत तर खारट लागेल, कारण जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. चिपीची श्वासमुळं जाड, शंकूसारखी. तिची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात आणि सकाळी खाली नुसते केसर पडलेले असतात. काटेरी पानांची, निळसर फुलांची मारंडी काठालगत भरपूर.

ओळख पटल्याशिवाय पान तोडू नका, चाटणं तर दूरच. हुरा या खारफुटीतल्याच झाडाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं.

ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास झाडीत दिवसाही चावतात.