गाडी विकून दहा महिने झाले: कोथरूडहून रामवाडीला रोज मेट्रोने

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही गाडी विकली. २०१८ ला घेतलेली पेट्रोल हॅचबॅक, कर्ज फिटलेलं, इंजिन ठणठणीत. घेणारे येणार त्या सकाळी मी डॅशबोर्डखालचा कप्पा रिकामा करायला बसले. पीयूसीची जुनी सर्टिफिकिटं, मुलाचा एक मोजा, आणि रबर लावून ठेवलेला पार्किंगच्या पावत्यांचा जाडजूड गठ्ठा. पावत्या चाळल्या. डेक्कन, कॅम्प, ऑफिसजवळचं मैदान. मंडईची एकही नव्हती. ती का नव्हती ते पुढे सांगते, कारण गाडी विकल्याचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच झाला आणि तो आमच्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

आधी आमची परिस्थिती, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. घर पुण्यात कोथरूडला, वनाज मेट्रो स्थानकापासून चालत ९ मिनिटांवर. माझं ऑफिस विमाननगरच्या बाजूला, रामवाडी स्थानकापासून दीड किलोमीटर. घरात नवरा, सातवीतला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. नवऱ्याचं काम कोथरूडमध्येच आहे, त्याच्याकडे स्कूटर आहे आणि ती आम्ही विकलेली नाही. पुण्यात घरात एक दुचाकी असणं ही मोठी सोय आहे, त्यामुळे "आम्ही वाहनाशिवाय राहतो" असं मी म्हणणार नाही.

वनाज ते गरवारे कॉलेज हा पहिला तुकडा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा माझ्या कामाचा नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये मेट्रो रूबी हॉलपर्यंत गेली आणि ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी आठवड्यातून दोनदा मेट्रोने आणि तीनदा गाडीने जात होते, आणि रोज संध्याकाळी एका वहीत वेळ लिहून ठेवत होते. वहीत काय दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिते. सकाळी आठच्या आत निघालं तर गाडी लवकर पोचायची, ५० मिनिटांत. मेट्रोने दारापासून दारापर्यंत ६५ मिनिटं लागायची. संध्याकाळी मात्र गाडीला कधी ७० मिनिटं, कधी पावणेदोन तास. मेट्रोला पुन्हा ६५च. वनाज ते रामवाडी साधारण अर्धा तास, गर्दीच्या वेळी ६-७ मिनिटांनी मेट्रो, बाकी चालणं. म्हणजे माझा वेळ फारसा वाचला नाही. पण मुलाला "सात वाजता येते" असं सांगितलं की मी सातला घरी असते. आधी मी हे वाक्य त्याच्याशी बोलणंच सोडून दिलं होतं.

आता पैसे. गाडीचा महिन्याचा खर्च मी वर्षाची सरासरी काढून मांडला होता. पेट्रोल ६,५००. ऑफिसजवळचं पार्किंग १,२००. विमा, दोन सर्व्हिसिंग, टायर-बॅटरी मिळून ३,०००. धुणाऱ्याचे ५००. आणि जो खर्च कुणी धरत नाही तो: ६ लाख ८० हजारांना घेतलेली गाडी ३ लाख ४० हजारांना गेली, ८४ महिन्यांत. महिन्याला ४,००० रुपये नुसते किमतीतून उतरत होते. एकूण १५,२००.

आताचा खर्च असा. वनाज ते रामवाडी ३० रुपये, कार्डावर सोमवार ते शुक्रवार १० टक्के सवलत, म्हणजे माझे महिन्याचे १,२०० च्या आसपास. रामवाडीहून ऑफिसला सकाळी चालत जाते, संध्याकाळी दमले असले तर रिक्षा. त्याचे महिन्याचे ८००. शनिवार-रविवारचं घरच्यांचं फिरणं ७००, त्या दोन दिवशी मेट्रोला ३० टक्के सवलत असते. लग्नकार्य, दवाखाना, पाऊस यासाठी रिक्षा-कॅब २,५००. गावी जाण्याचे सरासरी १,५००. सगळे मिळून ६,७००. साडेआठ हजार रुपये दर महिन्याला उरतात, आणि ते खरंच उरतात, कारण पहिल्या महिन्यापासून मी ते आवर्ती ठेवीत टाकते आहे.

गावी जाणं सोपं होईल असं वाटलं नव्हतं, पण झालं. आमचं गाव साताऱ्याकडे. वनाजहून बसायचं, सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलायची, स्वारगेटला उतरलं की एसटी स्टँड शेजारीच. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सासूबाईंचं आणि माझं मिळून एकच पूर्ण तिकीट होतं. दिवाळीत मात्र सामान, फराळाचे डबे आणि मुलगा असं सगळं घेऊन जायचं होतं, तेव्हा ड्रायव्हरसकट गाडी भाड्याने केली.

आता मंडईचं. सासूबाईंचं माहेर कसबा पेठेतलं. धाकटी बहीण अजून तिथेच राहते. लग्न होऊन कोथरूडला आल्या तरी भाजी मंडईतूनच आणायची, बहिणीकडे चहा घ्यायचा आणि परत यायचं असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गुडघे दुखायला लागले तशी बसच्या पायऱ्या चढणं बंद झालं. मग "गाडी आहे ना, आम्ही नेतो" असं आम्ही म्हणालो आणि सुरुवातीला नेलंही. पण रविवारी मंडईत गाडी लावायला जागा कुठून मिळणार? दोन चकरा मारायच्या, त्यांना कोपऱ्यावर उतरवायचं, मी गाडीतच बसून राहायचं आणि अर्ध्या तासात फोन करायचा, "आई, झालं का?" त्यांनी हळूहळू मंडईचं नावच काढणं सोडून दिलं. आम्हाला वाटलं, वय झालं. पावती नव्हती ती यामुळे.

सप्टेंबर २०२४ मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईला स्थानक आलं. गाडी विकल्यावर दुसऱ्या महिन्यात एका गुरुवारी मी त्यांना घेऊन गेले. सरकत्या जिन्याला त्या तयार नव्हत्या, लिफ्टने गेलो. सिव्हिल कोर्टचं खालचं स्थानक जमिनीखाली ३० मीटरहून खोल आहे. लिफ्टमधून बाहेर आल्यावर त्या दोन मिनिटं भिंतीला टेकून नुसत्या वर बघत उभ्या राहिल्या. वरच्या झरोक्यातून उजेड थेट फलाटाकडे येतो. "एवढ्या खाली आणि ऊन येतंय गं," म्हणाल्या.

पुढच्या दोन गुरुवारीही मी बरोबर गेले. चौथ्या आठवड्यात मी रजा टाकायची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, तू ऑफिसला जा. मी जाईन माझी माझी." त्या दिवशी मी दर वीस मिनिटांनी फोन करत होते. त्यांनी एकदाही उचलला नाही. दुपारी दीडला घरी पोचल्यावर त्यांनीच फोन केला. मेथीच्या दोन जुड्या, पाव किलो तोंडली आणि बहिणीने दिलेलं लोणचं एवढं घेऊन आल्या होत्या. तेव्हापासून गुरुवार त्यांचा. आमच्या घरात सात वर्षं चारचाकी होती, पण ती चालवता येणाऱ्या दोघांचीच होती. हे मला गाडी गेल्यावर कळलं आणि त्याचं वाईट वाटतं.

२०२५ च्या गणपतीत तर कमालच झाली. उत्सवाच्या दिवसांत मेट्रो रात्री २ पर्यंत होती आणि अनंत चतुर्दशीला सलग ४१ तास. एरवी रात्री ११ ला बंद होते. सासूबाईंनी कित्येक वर्षांनी रात्रीचे देखावे पाहिले. मंडईला गर्दी प्रचंड होती, म्हणून आम्ही कसब्याच्या स्थानकावर उतरलो आणि त्यांच्या बहिणीच्या गॅलरीतून बघितलं.

आता जे बिनसलं ते. ऑगस्टमध्ये एका रात्री सव्वादोनला सासूबाईंना दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, बोलणं अडखळायला लागलं. मी अ‍ॅपवर कॅब लावली. पहिल्याने "कुठे जायचंय?" विचारून फेरी रद्द केली. दुसऱ्यानेही. तिसरा १८ मिनिटं दाखवत होता. नवरा स्कूटरवर आईला बसवायचं का असं म्हणाला आणि गप्प झाला, कारण त्या बसूच शकत नव्हत्या. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांचं दार वाजवलं. ते बनियनवरच गाडी काढून आले. साखर उतरली होती, सलाईनवर ठीक झाल्या. पण घरातून निघायला २५ मिनिटं गेली, आणि दारात गाडी असती तर आम्ही तेवढ्यात दवाखान्यात पोचलो असतो. घाबरल्यामुळे १०८ ला फोन करायचंही सुचलं नाही. आता फ्रिजवर १०८ लिहिलेलं आहे, त्याखाली त्या काकांचा आणि गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका रिक्षावाल्या दादांचा नंबर आहे. त्या दादांशी बोलून ठेवलंय, रात्री-अपरात्री येतात, दुप्पट पैसे द्यायचे. गाडी विकायचा विचार करत असाल आणि घरात वयस्कर माणूस असेल तर ही व्यवस्था आधी लावा, गाडी नंतर विका. आम्ही उलटं केलं.

दुसरी अडचण रोजची आहे: रामवाडीला उतरल्यावरचा दीड किलोमीटर. मेट्रोत तुम्ही थंड हवेत, स्वच्छ डब्यात येता, आणि खाली उतरल्यावर नगर रोड ओलांडायचा असतो. पावसाळ्यात फुटपाथवर पाणी, त्यावरून दुचाकी, फुटपाथ संपला की रस्त्यावरून चालायचं. जुलैत माझे दोन जोड बूट गेले. आता ऑफिसात एक जोड ठेवलाय आणि येताना फ्लोटर्स घालते. मला चालता येतं म्हणून हे जमतं. सासूबाईंना रोज या टोकाला यायचं असतं तर मी गाडी विकलीच नसती.

त्यामुळे घर आणि काम दोन्ही स्थानकापासून चालण्याच्या अंतरात असेल तरच हा विचार करा. धायरीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने माझं ऐकून गाडी विकायची ठरवली तेव्हा मीच तिला थांबवलं. तिला आधी बस, मग मेट्रो, मग रिक्षा. बसचा मासिक पासही जून २०२५ पासून ९०० चा १,५०० झाला. तिचा वेळ वाढेल आणि वाचतील दोन-तीन हजार. तिने गाडी ठेवावी.

आमची सोसायटीतली पार्किंगची जागा अजून भाड्याने दिलेली नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी करायचं ठरतंय. त्यानंतरचे दीड-दोन महिने फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा न्यावं लागेल, तेव्हा महिन्याच्या बोलीवर गाडी आणि ड्रायव्हर ठेवायचा विचार आहे. दोन ठिकाणी विचारून आले. आवर्ती ठेवीत आत्ताच ८५,००० जमलेत, त्यातून ते सहज भागेल. सासूबाईंनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, मंडईला परत कधी जाता येईल. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी, लिफ्टने.