क्रिटामधलं स्मज बॅकग्राउंड: दिवाळीपासून वापरून राहिलो, त्याचा अनुभव

प्री-वेडिंगच्या फोटोत मागचं सगळं ब्रशनं रंगवल्यासारखं करून द्या, ही डिमांड आता आमच्या दारव्ह्याकडे (यवतमाळ जिल्हा) खेड्याखेड्यातून येते, आणि त्या कामासाठी मी दिवाळीपासून क्रिटा वापरून राहिलो. फुकट आहे, म्हणजे ट्रायल नाही, वॉटरमार्क नाही, खरंच फुकट, ओपन सोर्स. तसं हे चित्रकारांसाठीचं सॉफ्टवेअर आहे, फोटोचा ब्राइटनेस-कलर मी दुसरीकडेच करून आणतो, पण स्मजमध्ये, म्हणजे फोटोतले रंग ब्रशनं ओढून पसरवण्यात, याच्या तोडीचं फुकटातलं मला तरी दुसरं भेटलं नाही.

कारण याचा कलर स्मज ब्रश. डिसेंबर 2021 मध्ये 5.0 व्हर्जन आलं त्यात हे इंजिन नव्यानं लिहिलंय. त्यात दोन मोड आहेत. स्मिअरिंग मोड ब्रशखालचे पिक्सेल आहेत तसेच ओढत नेतो, म्हणून गवत, तुरीच्या ओळी, पऱ्हाटी यांच्यावर मस्त रेघा उमटतात. डलिंग मोड ब्रशखालचा एक रंग उचलतो आणि तोच पसरवत जातो, आभाळाला आणि मातीच्या भिंतीला हाच पाहिजे. कलर रेट बंदच ठेवायचा, नाहीतर वर सिलेक्ट असलेला रंग फोटोत मिसळत राहतो. स्मज लेंग्थ पूर्ण वाढवली की रंग लांबलांब ओढल्या जाते आणि झाड झाड राहत नाही, मी निम्म्याच्या थोडं वर ठेवतो.

आता खरं काम कुठं आहे ते सांगतो. नवरीनं लाल शालू घातलाय, मागं हिरवी तूर. नुसतं नवरा-नवरीला कट करून वरच्या लेयरवर (फोटोचे एकावर एक थर असतात ते) ठेवलं आणि खालच्या लेयरवर ब्रश फिरवला तर खाली तो शालू अजून आहेच ना, ब्रश त्याला लागला की लाल रंग तुरीत घुसतो आणि पदराच्या कडेनं लालसर धूर निघाल्यासारखं दिसते. बरेच जण मग त्या कडेला ब्लर मारतात, त्यानं अजून खराब होते. स्मजच्या आधी खालच्या लेयरवरून माणसं पूर्ण काढून टाका, क्लोन ब्रशनं आजूबाजूची तूर तिथं भरा, ओबडधोबड भरली तरी चालते कारण त्यावर ब्रश फिरणारच आहे. विजेचे तार, डीपी, टिनाचं शेड याच वेळी काढायचे, बारीक तारांना स्मार्ट पॅच टूल चांगलं आहे. त्यानंतर कितीही मोकळा हात फिरवा, कड स्वच्छ राहते. केसांच्या चारदोन बटा शेवटी बारीक ब्रशनं वरून काढायच्या, तेवढ्यानं कापून चिकटवल्यासारखं वाटत नाही.

ब्रशची दिशा वस्तूप्रमाणे पाहिजे. पिकाचे तास ज्या दिशेनं गेलेत तिकडेच ओढायचं, पळसाच्या फुलांवर मात्र ओढायचंच नाही, छोटे छोटे ठिपके दाबायचे, तरच तो पळस वाटतो. मोबाईलमधले एका टॅपचे इफेक्ट मला यासाठीच आवडत नाहीत, सगळ्या फोटोवर एकच जाळी. लोकांना स्वतःचं वावर ओळखू आलं पाहिजे. एका काकांनी फोटो पाहून लगेच म्हटलं, "हा त आमच्या धुऱ्यावरचा पळस हाय." मला पाहिजे होतं ते हेच.

एक गोष्ट बरेच जण सोडतात. स्मज केल्यावर मागचा दाणा, म्हणजे फोटोतला बारीक खरखरीतपणा, पूर्ण निघून जातो आणि पुढच्या माणसांवर तो राहतो, म्हणून दोघं वेगळे दिसतात. सगळ्यात शेवटी बॅकग्राउंडवर थोडा नॉइज, म्हणजे तसाच बारीक दाणा, टाका, अगदी जाणवेल न जाणवेल इतका.

तक्रारी पण आहेत. मोठा ब्रश साध्या कॉम्प्युटरवर अडकत अडकत चालतो, रॅम 8 जीबी असेल तर लेयर कमी ठेवा. माउसनं काम होते पण प्रेशरवाला साधा पेन टॅबलेट घेतला की फरक दिसतो. आमच्याकडे लाईन कधी पण जाते, तेव्हा याच्या ऑटोसेव्हनं बरेचदा काम वाचवलंय, पुन्हा उघडलं की रिकव्हर करायचं का विचारते.

आणि साइज आधीच ठरवा. 12 बाय 18 चा प्रिंट 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) म्हणजे 3600 बाय 5400 पिक्सेल, त्याच साइजवर स्मज करा. छोट्या फाईलवर करून नंतर मोठी केली की ब्रशच्या रेघा मऊ पडतात आणि लॅमिनेशन झाल्यावर फोटो नुसता आउट ऑफ फोकस वाटतो.