निन्टेंडो ६४ घ्यावा की पहिला प्लेस्टेशन?

जुना कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घ्यायचं पक्कं झालंय, पण या दोघांत अडकलात, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्सचे आकडे जरा बाजूला ठेवा. गेम कार्ट्रिजवर (आत चिप असलेली प्लास्टिकची डबी, जिला आपण कॅसेट म्हणायचो) येतो की सीडीवर, हा या दोन यंत्रांमधला खरा फरक आहे. वेग, किंमत, आणि कोणता गेम कुठे आला, हे सगळं बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरलं.

प्लेस्टेशन जपानमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये आला, निन्टेंडो ६४ जून १९९६ मध्ये. तोवर सेगा ही दुसरी कन्सोल कंपनीही सीडीकडे वळली होती. खुद्द निन्टेंडोनेही आधीच्या सुपर निन्टेंडोला सीडी ड्राइव्ह जोडण्यासाठी सोनीशी करार केला होता. तो १९९१ मध्ये फिसकटला आणि सोनीने स्वतःचं यंत्र काढलं, तोच प्लेस्टेशन. म्हणजे सीडी काय चीज आहे हे निन्टेंडोला पुरेपूर माहीत होतं. तरीही अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या कंपनीने पुढच्या यंत्रासाठी कार्ट्रिजच निवडलं.

पहिलं कारण वेग. प्लेस्टेशनचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० केबी वाचतो आणि यंत्राची मुख्य मेमरी २ एमबी. ती एकदा पूर्ण भरायची तर जवळपास सात सेकंद जातात. ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये दर खोलीआधी दार हळूहळू उघडताना दिसतं, त्यामागे हेच लोडिंग चाललेलं असतं. कार्ट्रिजमध्ये फिरणारा भाग नाही, चिपवरची माहिती लगेच हाताशी येते. ‘सुपर मारिओ ६४’मध्ये किल्ल्यातल्या चित्रात उडी मारली की क्षणात पलीकडच्या जगात. तो गेम अवघ्या ८ एमबीचा आहे, आणि त्यातला मोकळेपणा मला अजून थक्क करतो.

दुसरं कारण धंद्याचं. कार्ट्रिजची नक्कल करणं सीडीपेक्षा अवघड होतं. शिवाय ती बनवून घ्यायची निन्टेंडोकडूनच, त्यामुळे दर गेममागे पैसा आणि लगाम दोन्ही कंपनीच्या हातात. कन्सोलमध्ये महागडा ड्राइव्ह बसवायचा खर्चही वाचला.

याची किंमत मात्र इतर गेम कंपन्यांनी मोजली. कार्ट्रिज ४ ते ६४ एमबीचं, सीडी साधारण ६५० एमबीची. सीडी छापायला स्वस्त; गेम चालला तर थोड्या दिवसांत आणखी छापता येते. कार्ट्रिजच्या चिपांची ऑर्डर कितीतरी आधी द्यायची, आणि माल पडून राहिला तर नुकसान कंपनीचं. स्क्वेअर या गेम कंपनीने ‘फायनल फँटसी ७’ प्लेस्टेशनवर नेला. १९९७ साली तो तीन सीडींवर आला. चित्रफिती, संवाद, लांबलचक कथा यांना कार्ट्रिजमध्ये जागाच नव्हती. दोन सीडींचा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ १९९९ मध्ये ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवला गेला. तो मोठा पराक्रमच होता, पण प्रत्येक कंपनीने दरवेळी असा पराक्रम करावा ही अपेक्षा चूक होती. प्लेस्टेशन दहा कोटींवर विकले गेले, निन्टेंडो ६४ सुमारे ३.३ कोटी. स्वतःच्या गेमपुरता निन्टेंडोचा निर्णय बरोबर होता असं मला ठामपणे वाटतं. इतरांना मात्र त्याने दूर लोटलं.

म्हणून माझा सल्ला असा: घरात मुलं आहेत, चौघांनी एकत्र खेळायचंय, बटण दाबताच गेम सुरू व्हायला हवा, तर निन्टेंडो ६४ घ्या. चार कंट्रोलरची जागा यंत्रातच आहे. रात्ररात्र चालणाऱ्या कथा आणि गेमची भरपूर निवड हवी असेल, तर प्लेस्टेशन.

जुना माल घेताना प्लेस्टेशनची लेन्स आधी तपासा. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये लेन्सखालची प्लास्टिकची पट्टी झिजते, मग चित्रफिती अडखळतात. सीडीवरचे ओरखडे उजेडात धरून पाहा. प्रगती साठवायला वेगळं मेमरी कार्ड लागतं, तेही मागून घ्या. निन्टेंडोच्या कंट्रोलरची काठी ढिली पडलेली असते, ती फिरवून बघा. ‘ऑकारिना ऑफ टाइम’सारख्या काही कार्ट्रिजमध्ये प्रगती बॅटरीवर टिकते, बॅटरी संपली की साठवलेलं जातं, त्यामुळे ती बदलली आहे का ते विचारा. आणि लहानपणी कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय असेल तर ती इथे नको. ओलाव्याने कार्ट्रिजच्या धातूच्या पिना गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या पुसाव्यात.

यंत्र अमेरिकेतून किंवा जपानमधून कुणी आणणार असेल, तर ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नका, योग्य ट्रान्सफॉर्मर वापरा. गेमही त्याच प्रदेशाचे घ्या. युरोपातलं कार्ट्रिज अमेरिकन निन्टेंडो ६४ मध्ये चालत नाही.