टांकसाळीचे म्हणून विकलेले अवजार

गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात मी एका जुन्या अवजारासाठी २२,००० रुपये मोजले. ते पोर्तुगीज काळातील गोव्याच्या टांकसाळीत नाणी ठसवण्यासाठी वापरले जात असे, असे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ते करवतीचे दात फाकवण्याचे, सुताराच्या पेटीतले साधे अवजार निघाले. त्या रकमेपैकी १३,००० रुपये माझे होते आणि उरलेले ९,००० रुपये आमच्या गावच्या वाचनालयाच्या सभासदांनी वर्गणी काढून दिलेले होते. त्यात देवळाबाहेर फुले विकणाऱ्या एका बाईंनी दिलेले ५०० रुपयेही होते, आणि म्हणूनच हा अनुभव स्वतःपाशी ठेवणे मला योग्य वाटत नाही.

मी फोंडा तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. १९ डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनी वाचनालयात जुन्या वस्तूंचे छोटे प्रदर्शन मांडायचे आम्ही ठरवले होते. घरोघरी मिळालेली तांब्यापितळेची भांडी, मापे, जुनी कुलुपे, आदोळी (विळी), रेंदेराची म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याची काती (कोयती) असे बरेच काही जमले होते. पोर्तुगीज राजवटीशी थेट नाते सांगणारी एखादी वस्तू मात्र हवी होती, आणि हे मी जिथे तिथे बोलून दाखवत होतो. किनारपट्टीवरील एका गावात जुन्या वस्तूंचे दुकान आहे. तेथेही मी ते बोललो आणि आठच दिवसांनी त्या दुकानदाराचा फोन आला की, ‘सर, तुम्हाला हवी तशीच वस्तू एका जुन्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरातून आली आहे.’ मला काय हवे आहे ते मीच त्याला आधी सांगून ठेवले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

वस्तू लाल मखमलीवर ठेवलेली होती. पिस्तुलासारखा आकार, दाबल्यावर एकमेकींजवळ येणाऱ्या दोन मुठी, तोंडाशी एक जाड गोल चकती आणि चकतीच्या कडेने ४ ते १२ असे आकडे. मूठ दाबली की आतून तांदळाच्या दाण्याएवढे एक पोलादी टोक पुढे सरकून चकतीला भिडत असे. सगळ्या अंगावर नारिंगी गंज होता. दुकानदाराने सांगितले की हे १७८० च्या सुमाराचे असून आकडे वेगवेगळ्या नाण्यांचे आहेत. चकती फिरवून हवा तो आकडा समोर आणायचा आणि मूठ दाबायची, की नाण्यावर खूण उठते. मग त्याने शिशाची एक पातळ पट्टी मध्ये धरून मूठ दाबली आणि पट्टीवर उमटलेला खळगा मला बोटाने चाचपायला लावला. त्या खळग्याने माझी खात्री पटली.

आल्फोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर त्याच वर्षी येथे नाणी पाडायला सुरुवात केली, आणि पणजीत टपाल कार्यालयाजवळ ‘कासा द मोएदा’ ही टांकसाळीची जुनी इमारत आजही उभी आहे. हे सारे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवले आहे. दुकानदाराची गोष्ट माझ्या माहितीत चपखल बसली, आणि जी गोष्ट आपल्या माहितीत बसते तिची परीक्षा आपण घेत नाही. थोडा थांबून विचार केला असता, तर जे शिकवले त्यावरूनच ती गोष्ट खोटी ठरली असती. हाताने नाणी पाडण्याच्या काळात खालचा ठसा ठोकळ्यात पक्का बसवत, त्यावर धातूची चकती ठेवत, वरचा ठसा धरून घणाचा घाव घालत. मुठीच्या जोराने धातूवर नाण्याचे चित्र उठत नाही. शिवाय ठशावरची अक्षरे आणि आकडे नेहमी उलटे कोरलेले असतात, तरच ते नाण्यावर सुलटे उमटतात. माझ्या हातातील चकतीवरचे आकडे सरळ वाचता येत होते. चित्र तर कुठेच नव्हते, फक्त कडेला तिरपा उतार दिलेला होता.

एक शंका मात्र मी विचारली होती. चकतीच्या मागच्या बाजूला अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू होता, आणि तो मला नवा वाटला. ‘मागाहून दुरुस्ती झाली असेल,’ असे उत्तर मिळाले आणि मी ते मानले. तशा खाचेच्या स्क्रूसाठी हेन्री फिलिप्स यांना अमेरिकेत १९३६ मध्ये पेटंट मिळाले. त्याआधीच्या वस्तूत तो असला तर तो मागाहूनच बसवलेला असणार, हे खरेच आहे. पण मग ‘उरलेले सारे मूळचे कशावरून?’ हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

व्यवहाराची घाई त्याने केली. एक परदेशी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ३५,००० रुपये देऊन ही वस्तू आपल्या देशी नेणार आहे, पण गोव्याची वस्तू गोव्यात राहावी म्हणून तो मला प्राधान्य देतो आहे, असे त्याचे म्हणणे होते. मी ७,००० रुपये मोबाइलवरून यूपीआयने आणि १५,००० रुपये रोख दिले. बिल मागितले तेव्हा त्याने त्याऐवजी गोल शिक्का मारलेले, प्लास्टिकमध्ये घातलेले एक इंग्रजी प्रमाणपत्र दिले. आता कायदा समजून घेतल्यावर त्याच्या त्या बोलण्यातली विसंगती लख्ख दिसते. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार अशी वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायलाही परवाना लागतो. म्हणजे वस्तू खरोखर १७८० ची असती, तर ती परदेशी गिऱ्हाइकाला बाहेर नेण्यासाठी विकणे हाच गुन्हा ठरला असता. ज्याला ही अडचण नाही, त्याच्याकडे तितकी जुनी वस्तूही नाही, एवढे तरी मला त्याच क्षणी कळायला हवे होते.

प्रदर्शनासाठी लाकडी चौकट करून घ्यायची होती, म्हणून मी ती वस्तू आमच्या वाड्यावरच्या वृद्ध मेस्तांकडे, म्हणजे सुतारांकडे नेली. त्यांनी वयाच्या पंधराव्या वर्षापासून सुतारकाम केलेले आहे. त्यांनी ती हातात घेतली, एकदाच मूठ दाबली आणि माझ्याकडे पाहून शांतपणे विचारले, ‘मास्तर, हें कोणें दिलें तुमकां?’ मी टांकसाळीची हकिगत सांगितली. ते काहीच बोलले नाहीत. उठून त्यांनी आपली पेटी उघडली आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेले, अगदी तसेच दुसरे अवजार काढून माझ्या अवजाराशेजारी ठेवले.

नंतरची पंधरा मिनिटे मी कधी विसरणार नाही. मेस्तांनी हातकरवत दोन फळ्यांच्या मध्ये, दात वर करून घट्ट आवळली. आपल्या अवजाराची चकती फिरवून त्यांनी ८ हा आकडा समोर आणला, कारण त्या करवतीला एका इंचात आठ दात होते. चकतीवरच्या आकड्यांचा अर्थ तोच आणि तेवढाच. प्रत्येक आकड्यापाशी उतार किंचित वेगळा असतो. मोठ्या, विरळ दातांना जास्त फाकवावे लागते आणि बारीक दातांना कमी. त्यांनी अवजार पहिल्या दातावर बसवले, मूठ दाबली, बारीक ‘टक्’ असा आवाज झाला आणि दाताचा शेंडा केसभर बाहेर झुकला. मग एक दात सोडून पुढचा, असे शेवटपर्यंत गेल्यावर करवत फिरवून त्यांनी सोडलेले दात दुसऱ्या बाजूला झुकवले. शेवटी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई मागवून दातांच्या दोन रांगांमध्ये झालेल्या घळीत ठेवली आणि करवत एका टोकाने थोडी उचलली. सुई कुठेही न अडखळता, न पडता, या टोकाकडून त्या टोकापर्यंत घसरत गेली. दात सारखे फाकले की नाहीत, याची ती जुनी परीक्षा आहे. दात असे फाकवलेले नसतील तर करवतीने पाडलेली चीर पात्याएवढीच अरुंद राहते आणि करवत लाकडात आवळून बसते. ओल्या फणसात तर हमखास, असे मेस्त म्हणाले. हे अवजार नव्हते तेव्हा सुतार खाच पाडलेल्या लोखंडी पट्टीत एकेक दात धरून वाकवत किंवा हातोडीने ठोकून फाकवत, हेही त्यांच्याकडूनच कळले.

मग आम्ही माझे अवजार रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासले. नारिंगी गंज भुकटीसारखा सुटून आला आणि त्याखाली खोलगट जागी मूळचा काळा रंग शाबूत सापडला. पिढ्यान्‌पिढ्यांचा गंज गडद तपकिरी, घट्ट आणि धातूला धरून असतो. बोटाला लागणारा नारिंगी गंज आपल्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यातही चढतो आणि मीठपाण्याने किंवा आम्लाने त्याहून लवकर चढवता येतो, त्यामुळे त्यावरून वय मुळीच ठरत नाही. झिजेची गोष्ट मेस्तांनी दाखवली, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. वापरातले अवजार हात लागतो तिथे गुळगुळीत होते आणि काम करते तिथे झिजते. त्यांच्या अवजाराची मूठ आरशासारखी झाली होती आणि आतल्या टोकाची कड बोथटली होती. माझ्या अवजाराची मूठ मात्र खडबडीत होती आणि आतले टोक कोरे होते. कुणा टांकसाळीनेच काय, कुणा सुतारानेही ते फारसे वापरलेले नव्हते.

डाव्या अंगावर बुटाच्या पॉलिशखाली कानशीच्या ताज्या रेघा निघाल्या. तेथे काहीतरी घासून काढलेले होते, आणि घासणाऱ्याचा हात शेवटी कमी पडला होता. एल, ए, एन, डी ही चार इंग्रजी अक्षरे अजून वाचता येत होती. मेस्तांच्या अवजारावर नेमक्या त्याच जागी ‘मेड इन इंग्लंड’ असे होते. मालावर देशाचे नाव असे छापण्याची पद्धत ब्रिटनच्या १८८७ च्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यांनंतर रुळली. १७८० च्या वस्तूवर हे शब्द असूच शकत नाहीत. असले नवे अवजार हार्डवेअरच्या दुकानात आजही मिळते, आणि त्याची किंमत मी दिलेल्या रकमेच्या जवळपासही जात नाही.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानात गेलो. टांकसाळीचे आपण काही बोललोच नव्हतो, असे दुकानदाराने सांगितले आणि प्रमाणपत्र वाचायला लावले. त्यावर ‘इंडो-पोर्तुगीज शैलीतील जुने अवजार’ या अर्थाचे इंग्रजी शब्द होते. साल नव्हते, टांकसाळ नव्हती, त्याची सहीही वाचता येण्याजोगी नव्हती. ‘शैलीतील’ हा एक शब्द त्याने आधीच विचार करून घातला होता आणि मी तो न वाचता कागद फाइलला लावला होता.

वर्गणीचे ९,००० रुपये मी माझ्या निवृत्तिवेतनातून परत केले. पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. फसवणुकीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे वेगळी तक्रार केली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नसते आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही त्या कामी उपयोगी पडला. बिल नसल्याने अडचण आहेच. यूपीआयने दिलेल्या ७,००० रुपयांची नोंद आणि दुकानदाराने पाठवलेले मोबाइलवरचे संदेश एवढाच माझ्याकडचा पुरावा आहे, आणि एका संदेशात त्याने स्वतः ‘मिंटचा पीस’, म्हणजे टांकसाळीची वस्तू, असे लिहिलेले आहे, हे माझे नशीब. रोख दिलेले १५,००० रुपये मात्र मी दिलेच नाहीत असे तो म्हणतो.

जुनी अवजारे घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पैसे देण्याआधी ती वस्तू ज्या कामाची वाटते त्या कामातल्या माणसाला दाखवा. लोखंड असेल तर लोहाराला, धार किंवा दात असतील तर सुताराला, चामड्याचे काम वाटले तर चांभाराला. विकणारा तशी दोन दिवसांची मुदत देत नसेल तर वस्तू तिथेच ठेवून या. बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयात शेतीची आणि कारागिरांची चार हजारांहून अधिक पारंपरिक साधने ठेवलेली आहेत. एक दिवस काढून ती पाहिली तरी डोळा बराच तयार होतो, आणि मी ते आधी करायला हवे होते.

दुकानातून निघताना मागच्या फळीवर मला तसेच दुसरे अवजार दिसले, त्याच नारिंगी गंजाचे. त्यामुळे हे आणखी कुणाच्या घरी गेलेले असणार अशी मला भीती आहे. पिस्तुलासारखे, ४ ते १२ आकड्यांची चकती असलेले असे अवजार पोर्तुगीज काळातले म्हणून कुणी घेतले असेल, तर त्यांनी आहे त्या स्थितीत त्याची छायाचित्रे काढावीत, मग डाव्या अंगावर चकतीच्या मागची दोन बोटे जागा रॉकेलने पुसून कानशीच्या रेघा दिसतात का ते पाहावे, आणि दिसल्या तर आपल्या जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवावी.